दीवचा समुद्र आणि घरातले पंचांग

दिवाळीचे वहीपूजन आटोपले आणि ज्ञानपंचमीनंतर दुकानाच्या फळ्या पुन्हा उघडल्या, की म्हसावदच्या बाजारपेठेतील जैन घरांत दोन विषय एकदमच निघतात. वडीलधाऱ्यांना चातुर्मास संपल्यावर पालीताण्याचे वेध लागलेले असतात आणि मुलांना समुद्राचे. कापूस आणि मिरचीचा हंगाम तोंडावर असतो. पेढी फार तर पाच-सहा दिवस दुसऱ्याच्या हाती सोपवता येते. एवढ्या दिवसांत आजीची यात्रा, सुनेची विश्रांती आणि नातवंडांचा समुद्र हे सारे बसवायचे असते. तेव्हा किनारा कोणता निवडावा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ राहत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याहून तोरणमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या या गावाला ओळख आहे ती विहिरीच्या पाण्याची, गोमाईची आणि प्रकाशे येथील तापीची. फार झाले तर तोरणमाळच्या यशवंत तलावाची. अशा पाण्यात पोहायला शिकलेला तरुण त्याच भरवशावर समुद्रात उतरतो. विहिरीचे पाणी कुणाला ओढून नेत नाही. समुद्राचे पाणी नेते. सुट्ट्यांच्या दिवसांत किनाऱ्यांवरून ज्या दुर्घटनांच्या बातम्या येतात, त्यांत समुद्रापासून दूरच्या गावांतून आलेल्या तरुणांची नावे वारंवार असतात. म्हणून किनारा निवडताना तो किती सुंदर आहे याच्या आधी, त्याचे पाणी केव्हा कसे वागते हे विचारावयास हवे. या प्रश्नाचे निम्मे उत्तर जैन घरात भिंतीवर टांगलेलेच असते. ते म्हणजे तिथींचे पंचांग.

तापी जिथे समुद्राला मिळते

म्हसावदला सर्वांत जवळचा समुद्र सुरतेचा. नंदुरबारहून नवापूर, व्यारा, बारडोलीमार्गे जाणारी रेल्वे काही तासांत सुरतेला पोहोचवते आणि बहुतेक घरांचे कोणी ना कोणी नातलग तेथे असतातच. या वाटेशी खानदेशी व्यापाऱ्यांचे नाते फार जुने आहे. सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी मार्गही नंदुरबारवरूनच जात असे. सातपुड्यातून उतरून म्हसावदच्या पंचक्रोशीतून वाहणारे पाणी अखेर तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ डुमस येथे समुद्राला. त्यामुळे डुमसचा किनारा हा एका अर्थाने खानदेशचाच किनारा होय.

परंतु डुमस किंवा उभराट येथे प्रथमच गेलेली मुले बहुधा हिरमुसतात. वाळू काळसर, पाणी गढूळ आणि ओहोटीच्या वेळी तर समुद्र दृष्टीस पडणार नाही इतका मागे हटलेला. यात किनाऱ्याचा दोष नाही. तापी, नर्मदा, मही आणि साबरमती या नद्यांनी युगानुयुगे आणलेला गाळ खंभातच्या आखातात आणि त्याच्या तोंडाशी साचला आहे. १९७२ मध्ये उकाईचे धरण पूर्ण होण्यापूर्वी तापीचा गाळ तर विनाअडथळा समुद्रापर्यंत जात असे. त्या काळ्या चिखलात खानदेशच्या शेतांची मातीही आहे.

दुसरे कारण भरती-ओहोटीचे. खंभातच्या आखाताचे तोंड रुंद, पण आतला भाग निमुळता आणि उथळ आहे. भरतीचे पाणी आत शिरू लागले, की नरसाळ्यात ओतल्याप्रमाणे ते उंच चढत जाते. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील फरक दहा मीटरच्या घरात जातो. तीन मजली घराइतके पाणी सहा तासांत चढते आणि पुढच्या सहा तासांत उतरते. भावनगरजवळ कोळियाक येथे निष्कलंक महादेवाची स्थाने भरतीत बुडतात आणि ओहोटीत भाविक समुद्राच्या तळावरून चालत तेथे जातात, ते यामुळेच.

अशा सपाट किनाऱ्यावर खरा धोका लाटांचा नसतो. ओहोटीत पाण्याच्या शोधात माणूस चिखलावरून दूरवर चालत जातो. भरती सुरू झाल्यावर पाणी समोरून सरळ रेषेत येत नाही. ते आधी खोलगट चरांतून वाट काढते आणि चालणाऱ्याच्या पाठीमागे शिरते. समोरचा समुद्र अजून लांबच दिसत असतो आणि परतीची वाट मात्र कमरेइतक्या पाण्याखाली गेलेली असते. म्हणून सुरतेचा किनारा संध्याकाळी काठावर बसून वारा घेण्यासाठी चांगला आहे. मुलांनी पाण्यात खेळण्यासाठी नव्हे.

यात्रेच्या वाटेवरचे बेट

मुलांना निळे पाणी आणि स्वच्छ वाळू हवी असेल, तर आखाताच्या बाहेर पडावे लागते. यात्रेला निघालेल्या कुटुंबाला त्यासाठी वेगळी वाट धरावी लागत नाही. सुरतेजवळच्या हजिरा बंदरातून भावनगरजवळच्या घोघा बंदराला जाणारी फेरीबोट नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. जमिनीवरून सुमारे ३७० किलोमीटरचा पडणारा वळसा समुद्रातून सुमारे ९० किलोमीटरवर येतो आणि मोटारगाडीही बोटीतूनच नेता येते. याआधी २०१७ मध्ये घोघा–दहेज अशी बोट सुरू झाली होती. दहेजच्या बाजूला साचणाऱ्या गाळाने ती टिकू दिली नाही. हवामानानुसार बोटीच्या वेळा बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करणे आवश्यक ठरते. घोघ्याहून भावनगर आणि तेथून पालीताणा सुमारे पन्नास किलोमीटर. यात्रा झाल्यावर महुवा, राजुला, उना असा दक्षिणेकडे प्रवास केला, की उन्यापासून थोड्याच अंतरावर दीव लागते.

दीव हे बेट आहे, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही, कारण पुलावरून गाडी सरळ आत जाते. सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाशी एका अरुंद खाडीने वेगळे झालेले हे चिमुकले बेट. पलीकडच्या तीरावरील घोघला गाव धरूनही सारा दीव जिल्हा चाळीस चौरस किलोमीटरच्या आतबाहेर आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोटारीने जाण्यास तासभरही लागत नाही. १५३५ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी झालेल्या तहानंतर पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधण्यास आरंभ केला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी दीव मुक्त होईपर्यंत ते येथे राहिले.

व्यापारी कुटुंबांना या बेटाविषयी आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण आहे. दीवचे वाणी व्यापारी पूर्व आफ्रिकेशी कापडाचा व्यापार करीत. १६८६ मध्ये पोर्तुगीज सरकारने मोझांबिकच्या व्यापाराचा मक्ता दीवच्या वाणी व्यापाऱ्यांच्या मंडळाला दिला. त्या काळच्या पोर्तुगीज कागदपत्रांत या मंडळाचे नाव ‘माझानेस’ असे आढळते. तो ‘महाजन’ या शब्दाचाच पोर्तुगीज उच्चार होय.

धर्माच्या दृष्टीनेही ही भूमी परकी नाही. उन्याजवळील अजाहरा पार्श्वनाथ हे प्राचीन तीर्थ आहे आणि दीव शहरात नवलखा पार्श्वनाथांचे मंदिर आहे. १५८३ मध्ये अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून फत्तेपूर शिक्री येथे गेलेले आणि ज्यांच्या उपदेशाने पर्युषणाच्या दिवसांत प्राणिवध थांबविण्याची फर्माने निघाली, ते आचार्य हीरविजयसूरीश्वरजी १५९५ मध्ये उना येथेच कालधर्म पावले. पंथ कोणताही असो, या परिसरात आलेल्या कुटुंबाला तीर्थ आणि समुद्र यांपैकी एकाची निवड करावी लागत नाही.

एका बेटाचे निरनिराळे किनारे

दीवला गेलेले बहुतेक पर्यटक सरळ नागोआला जातात. शहरापासून सात-आठ किलोमीटरवरचा हा किनारा घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे आणि त्याच्या काठाने फांद्या फुटलेले ताड उभे आहेत. स्थानिक लोक त्यांना होका म्हणतात. अर्धवर्तुळाकार वळणामुळे मोकळ्या समुद्राच्या मानाने येथे लाटा सौम्य असतात. मात्र पाण्यावरच्या यांत्रिक खेळांची गजबजही येथेच असते. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आहे आणि दीवमध्ये नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत आणि वर्षाच्या अखेरच्या आठवड्यात येथे जी गर्दी होते, ती सहकुटुंब आलेल्यांना मानवेल अशी नसते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी नागोआ पाहिला, तर तोच किनारा शांत आणि प्रसन्न वाटतो.

घोघला हा दीवमधील सर्वांत लांब किनारा. तो बेटावर नाही. खाडीपलीकडे, मुख्य भूमीच्या बाजूला आहे. रुंद, सपाट वाळू, हळूहळू खोल होत जाणारे पाणी आणि खाडीच्या पल्याड दिसणारा किल्ला. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतातील ज्या आठ किनाऱ्यांना प्रथमच ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले, त्यांत घोघला होता. पाण्याची शुद्धता, स्वच्छता, जीवरक्षकांची व्यवस्था अशा ३३ निकषांवर हे मानांकन ठरते. लहान मुले आणि पोहता न येणाऱ्या व्यक्ती बरोबर असल्यास पाण्यात उतरण्यासाठी दीवमध्ये याहून चांगली जागा नाही.

जालंधर आणि चक्रतीर्थ हे किनारे शहराला लागून, बेटाच्या दक्षिण बाजूस आहेत. येथे खडक फार, त्यामुळे स्नानासाठी ते योग्य नाहीत. बसण्यासाठी मात्र उत्तम. अप्काय जीवांच्या विराधनेच्या विचाराने ज्या श्रावक-श्राविका समुद्रस्नान करीत नाहीत, त्यांना समुद्र पाहण्याचा पुरेपूर आनंद येथे मिळतो. चक्रतीर्थाजवळच्या टेकडीवर ‘खुकरी’ या युद्धनौकेचे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवसमोरच्या समुद्रात ही नौका बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी सहकाऱ्यांना बाहेर पडण्यास सांगितले आणि स्वतः नौका सोडली नाही. मुलांना समोरच्या निळ्या पाण्याकडे पाहत ही हकिकत सांगावी, अशी ती जागा आहे.

पश्चिमेकडे, वणाकबारा या मच्छीमारांच्या गावाच्या बाजूला गोमतीमाता किनारा आहे. वाळू सुंदर आणि माणसांची वर्दळ जवळजवळ नाही. हीच निर्जनता अनेक तरुणांना भुरळ घालते. परंतु जेथे हाक ऐकणारे कोणी नाही तेथे अनोळखी पाण्यात उतरणे हे धाडस नव्हे, बेपर्वाई होय. गोमतीमाता पाहावा, वाळूवर चालावे आणि परतावे. फुदम गावाजवळ गंगेश्वर हे खडकांच्या कपारीतील शिवस्थान आहे. तेथील पाच शिवलिंगांवर समुद्राच्या लाटा येऊन आदळतात. भरतीच्या वेळी तेथील खडक निसरडे होतात, हे लक्षात ठेवावे.

तिथी आणि भरती

भूमध्य समुद्रातील माल्टा, क्रीट यांसारख्या बेटांच्या सहलींची माहितीपत्रके हल्ली खानदेशातील घरांतही येऊ लागली आहेत. त्यांत किनाऱ्यांची नावे क्रमवारीने दिलेली असतात: पहिला अमुक, दुसरा तमुक. तेथे ते चालते, कारण तो समुद्र जवळजवळ चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला आहे आणि तेथील भरती बहुतेक ठिकाणी वीतभर, फार तर हातभर चढते. सकाळी पाहिलेला किनारा दुपारीही तसाच असतो. अरबी समुद्राच्या आपल्या बाजूला तसे नाही. दीवची भरती खंभातच्या मानाने पुष्कळच कमी, दोन-अडीच मीटरच्या घरात असली, तरी एवढ्या फरकाने वाळूची जागा, पाण्याची खोली आणि ओढ ही सारी बदलतात. येथे किनाऱ्याच्या नावाबरोबर दिवस आणि वेळही विचारावी लागते.

ही वेळ चंद्रावर ठरते. पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि समुद्राला उधाण येते. दोन्ही पक्षांतील अष्टमीच्या सुमारास ती ओढ काटकोनात विभागली जाते आणि भरती मंद असते. तिला भांगाची भरती म्हणतात. प्रत्यक्षात उधाण आणि भांग या दोहोंचा पूर्ण प्रभाव त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी जाणवतो. बीज, पंचमी, अष्टमी, एकादशी, चतुर्दशी या पर्वतिथी ज्या घरांत नित्य पाळल्या जातात, त्यांना समुद्राचा हा स्वभाव समजण्यास वेगळे शास्त्र शिकावे लागत नाही. आठम आली की समुद्र सौम्य आणि चौदस आली की उधाण जवळ, एवढे लहान मुलांच्याही लक्षात राहते.

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा मुंबई-कोकण किनाऱ्यावर वापरात आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि मधे दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे आणि दीवच्या वेळा मुंबईहून वेगळ्या असतात. म्हणून तेथे पोहोचल्यावर जीवरक्षकांना किंवा स्थानिक नावाड्यांना त्या दिवसाची वेळ विचारून घ्यावी. एकदा ती कळली, की पुढच्या दिवसांचा अंदाज घरचे कोणीही बांधू शकते, कारण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. एका सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा. आज जेव्हा भरती आली, त्यानंतर एक सामायिक होईल एवढा वेळ गेला, की उद्याची भरती.

या हिशेबातून एक अडचण पुढे येते. शत्रुंजयाची यात्रा चातुर्मासानंतर कार्तिक पौर्णिमेला सुरू होते आणि त्या दिवशी तेथे जाण्याची अनेक कुटुंबांची परंपरा आहे. यात्रा करून तेच कुटुंब दीवला पोहोचते, तेव्हा वद्य द्वितीया-तृतीया असते; म्हणजे नेमके मोठ्या उधाणाचे दिवस. त्या दिवसांत किनाऱ्यावर फिरावे, बसावे. मुलांना पाण्यात सोडण्याची घाई करू नये.

समुद्रात खेळणे हा सहलीचा मुख्य हेतू असेल, तर पोष दशमीच्या आसपासचे दिवस पाहावेत. महाराष्ट्रातील पंचांगाप्रमाणे ही मार्गशीर्ष वद्य दशमी. भगवान पार्श्वनाथांच्या जन्मकल्याणकाचा दिवस. अजाहरा आणि नवलखा ही दोन्ही पार्श्वनाथांचीच स्थाने. हा दिवस डिसेंबरात किंवा जानेवारीच्या आरंभी येतो. तेव्हा समुद्र शांत असतो, हवा थंड असते आणि अष्टमीनंतरचे दोन दिवस झालेले असल्याने भरती सर्वांत मंद असते. एखाद्या वर्षी ही तिथी २५ डिसेंबर ते १ जानेवारी या गर्दीच्या आठवड्यात आली, तर यात्रा त्या दिवशी करून समुद्रासाठी पुढच्या अष्टमीचा आठवडा निवडणे हिताचे.

पाण्यात उतरताना

किनाऱ्यावर लाटा फुटतात तेव्हा त्यांचे पाणी परत समुद्रात जाण्यासाठी वाट शोधते. काही ठिकाणी ते एका अरुंद पट्ट्यातून जोराने मागे वाहते. हा पट्टा नवख्या माणसाला फसवतो, कारण तेथे लाटा फुटत नाहीत आणि दोन्ही बाजूंच्या फेसाळ पाण्यामध्ये तो शांत, काहीसा गडद दिसतो. पोहता न येणारे नेमके तेच ‘शांत’ पाणी निवडतात. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा प्रयत्न करू नये. त्यात शक्ती संपते. पाठीवर तरंगत दम राखावा, हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडावे. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी नातलगांनी एकामागून एक उडी घेतल्याने एकाऐवजी दोन-तीन जीव जातात. अशा वेळी दोर, रिकामा बंद कॅन किंवा तरंगणारी कोणतीही वस्तू फेकणे आणि जीवरक्षकाला हाक मारणे हाच मार्ग.

आणखी काही गोष्टी साध्या असल्या तरी महत्त्वाच्या. मोठ्यांनी कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये आणि लहान मूल हाताच्या अंतरावर असावे. भिजलेली साडी किंवा ओढणी पायांत अडकते आणि लाट तिला धरून ओढते. स्त्रियांनी पाण्यात जायचे असल्यास अंगाबरोबरचे सुटसुटीत कपडे घालावेत. उपवास, आयंबिल किंवा अठ्ठमची तपश्चर्या चालू असणाऱ्यांनी पाण्यात उतरू नये. जून ते ऑगस्ट या पावसाळी महिन्यांत समुद्र खवळलेला असतो आणि पाण्यात उतरण्यावर बंदीचे आदेश निघतात. साधु-साध्वी विहार थांबवतात आणि कोळी होड्या किनाऱ्यावर ओढतात, तो काळ साधारण एकच आहे. त्या महिन्यांत गृहस्थानेही समुद्रापासून दूर राहणे बरे.

नवकारसी आणि चौविहार

समुद्रकिनारी संध्याकाळ आणि चौविहार यांची ओढाताण होते, असा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे. सूर्यास्त पाहायचा तर जेवण राहते आणि जेवायला बसावे तर सूर्यास्त चुकतो. यावर उपाय एवढाच, की किनारा आणि वेळ यांची सांगड सकाळीच घालावी. दीव हे म्हसावदच्या बरेच पश्चिमेला असल्याने हिवाळ्यात तेथे सूर्य सुमारे पाव तास उशिरा मावळतो. डिसेंबरात तो सव्वासहाच्या थोडा आधी अस्ताला जातो. गावाकडच्या पंचांगातील वेळ तेथे लागू होत नाही, स्थानिक वेळ पाहावी लागते. पाचच्या सुमारास भोजन उरकून, पाणी वापरून, पच्चक्खाण घेऊन चक्रतीर्थावर जाऊन बसले, तर सूर्यबिंब पाण्याला टेकताना मन घड्याळात अडकत नाही.

सकाळचे गणित याहून सोपे आहे. सूर्योदयानंतर नवकारसी येईपर्यंत ४८ मिनिटे असतात. या वेळात खाण्यापिण्याची गडबड नसते, दुकाने उघडलेली नसतात आणि रात्री उशिरापर्यंत जागलेले पर्यटक झोपेत असतात. घोघल्याच्या लांब वाळूवर चालण्यासाठी दिवसातला याहून चांगला वेळ नाही. डिसेंबरात सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. आठला परतून नवकारसी पारता येते आणि मग, भरती-ओहोटी पाहून, मुलांना पाण्यात नेता येते.

दीवमधील बहुतेक उपाहारगृहांत सामिष आणि निरामिष स्वयंपाक एकाच ठिकाणी होतो. म्हणून मुक्काम उना-अजाहरा परिसरातील धर्मशाळेत, आधी चौकशी करून ठेवणे आणि किनाऱ्यावर फक्त दिवसा जाणे अनेकांना सोयीचे पडते. खाखरे, सुकी भाजी, चिवडा आणि उकळून गार केलेले पाणी बरोबर असले, की दुपारची चिंता राहत नाही.

वाळूवरचे जीव

पाठशाळेत जीवविचार शिकणाऱ्या मुलाला बेइंद्रिय जीवांची उदाहरणे विचारली, तर त्याच्या तोंडून पहिले नाव येते शंखाचे आणि त्यापाठोपाठ कवडीचे. म्हसावदच्या मुलाने हे शब्द पाठ केलेले असतात. जिवंत शंख मात्र त्याने पाहिलेला नसतो. जालंधर आणि चक्रतीर्थाच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी पाण्याची लहान डबकी राहतात. दहा मिनिटे हालचाल न करता तेथे बसले, तर जो दगड वाटला तो शंख सरकू लागतो, जे फूल वाटले ते आपले तंतू आवळून घेते आणि खडकाला चिकटलेल्या पांढऱ्या ठिपक्यांतही जीव आहे, हे कळते. पुस्तकातील ओळ तेथे प्रथमच डोळ्यांसमोर उभी राहते.

त्याच वेळी मुलांचा हात शंख-शिंपले उचलण्यासाठी पुढे जातो. रिकामा दिसणारा शंख नेहमी रिकामा असतोच असे नाही. एका जातीचा खेकडा दुसऱ्याच्या सोडलेल्या शंखात शिरून राहतो. त्याचे मऊ पोट उघडे असते आणि तो शंख हेच त्याचे घर. असा शंख पिशवीत घालून गावी आणला, की दोन दिवसांनी येणाऱ्या दुर्गंधीने काय झाले ते समजते. पण तेव्हा उशीर झालेला असतो. मुलांचे कुतूहल मारण्याचे कारण नाही. नागोआच्या जवळ शंख-शिंपल्यांचे एक संग्रहालय आहे. एका निवृत्त जहाज-कप्तानाने देशोदेशीच्या समुद्रांतून जमवलेले नमुने तेथे भिंगातून पाहता येतात. ते मनसोक्त पाहावे आणि किनाऱ्यावरचे किनाऱ्यावर राहू द्यावे. ओल्या वाळूतील लहान बिळांवर पाय न देता चालणे, डबक्यातील पाणी न ढवळणे, खडकावरचे शिंपले न खरवडणे हीही जयणाच आहे. ती मुलांना सांगून जितकी कळते, त्याहून आजीचे पाऊल पाहून अधिक कळते.

पाच दिवसांचा हिशेब

म्हसावदहून निघालेल्या कुटुंबाने पहिल्या दिवशी नंदुरबारमार्गे सुरत गाठावी. दुसऱ्या दिवशी हजिऱ्याहून बोटीने घोघा आणि तेथून पालीताणा किंवा सरळ उना. पालीताण्याची यात्रा करायची असल्यास तिच्यासाठी एक पूर्ण दिवस राखावा. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढून-उतरून आलेल्या माणसाला त्याच दिवशी पुढच्या प्रवासाला लावणे योग्य नव्हे. दीवसाठी किमान एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ हवी: पहाटे घोघला, दुपारी संग्रहालय आणि किल्ला, पाचला भोजन, संध्याकाळी चक्रतीर्थ, दुसऱ्या दिवशी नवलखा पार्श्वनाथांचे दर्शन आणि वेळ उरल्यास मधल्या वाराचा शांत नागोआ. पालीताणा घेतल्यास हा बेत सहा दिवसांचा होतो. पाचच दिवस असतील, तर दोहोंपैकी एक पुढच्या वर्षासाठी ठेवावे लागते. सारे एका दमात उरकण्याच्या हट्टापायी रात्रीचे वाहन चालवणे हा उधाणात उतरण्याइतकाच मोठा धोका आहे.

निघण्यापूर्वी एका संध्याकाळी, गल्ला मोजून झाल्यावर, घरातील सर्वांनी पंचांग समोर घेऊन बसावे. कोणती तिथी, कोणता वार, सूर्यास्त केव्हा, उधाण केव्हा, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. पाऊणपटीचा हिशेब त्यांना करू द्यावा. ज्या मुलाने अष्टमीची भरती स्वतः काढली आहे, ते दीवच्या वाळूवर पोहोचल्यावर पाण्याकडे धावण्याआधी एकदा तरी थांबून विचारील, की आत्ता पाणी चढते आहे की उतरते आहे.